वाटा किनाऱ्यावर मिळतो

शालिनीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती डहाणूच्या बाजारात, आणि त्या वेळी मी खोक्यावर उभी होते. सुकी मासळी विकणारी बाई खोक्यावर बसते, उभी राहत नाही, हे बाजार माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. मी उभी होते कारण बाईंच्या बरोबर विश्राम होता. विश्राम म्हणजे त्यांचा कुत्रा. बाई बोर्डीच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. कुत्र्याचं नाव 'सावधान' ठेवलं असतं तर हाक मारताक्षणी अर्ध्या गावातले जुने विद्यार्थी ताठ उभे राहिले असते, म्हणून त्यांनी 'विश्राम' ठेवलं. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की त्याला दात आहेत आणि दोरी बारीक आहे.

मला कुत्र्याचं भय आहे. होतं असं म्हणत नाही, आहे. चिंचणीहून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मी लहान वयापासून दारोदार फिरले. ज्या दारात मी 'मासळी घ्या' म्हणायची, त्या दारातून माणसाच्या आधी कुत्रा यायचा. पाटी टाकून पळावं तर दिवसाचा माल जातो, न पळावं तर पोटरी जाते. अशा विचारात ज्यांची उमर गेली, त्यांना कुत्रा पाहून प्रेम येत नाही.

"बोंबील हवेत, बिनमिठाचे," बाई म्हणाल्या.

"बोंबलाला मीठ लावतच नाही आम्ही. उन्हात वाळवतो. कालवणाला देऊ की भाजायला?"

"ह्याच्यासाठी हवेत."

मी वरूनच एक बोंबील टाकला. बाईंनी तो लगेच त्याला दिला नाही. डोकं मोडून टाकलं, काटा काढला, नखाएवढे तुकडे केले. मग पिशवीतून एक बिस्कीट काढलं, एक सुक्या चिकूची चकती काढली, तिन्ही गोष्टी कागदावर वेगवेगळ्या मांडल्या आणि मागे सरकल्या. विश्रामने बिस्कीट हुंगलं, चिकूकडे पाहिलं आणि बोंबील उचलला. बाईंनी जागा बदलून पुन्हा मांडलं. त्याने पुन्हा बोंबीलच उचलला.

"बाई, मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय की काय माझ्या दुकानापुढे?" मी विचारलं.

"तसंच समजा. फरक एवढाच की इथे ज्याला खायचंय त्याची पसंती विचारतात."

"आमच्या वेळेला माझी कोणी विचारली नव्हती."

"म्हणून तर विचारते. खाली उतरा ना, त्याला हात लावून बघा."

"इथून बरं दिसतं," मी म्हणाले. आज इतकी वर्षं झाली, बाई दर वेळी उतरायला सांगतात आणि माझं उत्तर तेच आहे.

बाईंची पंचाहत्तरी आहे, त्यांचा गौरवग्रंथ निघतो आहे, तुम्हीही आठवण द्या, असा निरोप समितीच्या मंडळींनी पाठवला तेव्हा मला हसू आलं. मी अक्षर शिकले नाही. मी बोलते आहे आणि माझी नात प्राजक्ता, घरातली चिमी, लिहिते आहे. ती नववीत आहे आणि तिला वाटतं की ग्रंथात 'कुत्रा' शोभत नाही, 'श्वान' लिहावं. मी सांगितलं, मला जो चावायला आला तो कुत्रा होता. पण 'बाई आल्या', 'बाईंनी सांगितलं' असं मात्र सगळीकडे मानाने लिही. ह्या लेखात जे सांगायचं आहे ते ह्या चिमीचंच आहे. ती आज इथे मांडी घालून लिहिते आहे, ती बाई होत्या म्हणून.

आधी बाईंच्या कामाबद्दल सांगते. शाळा सुटल्यापासून त्या लोकांच्या कुत्र्यांना वळण लावतात. घोलवडच्या चिकूवाड्यांत राखणीला कुत्रे असतात. चोर येतो वर्षातून एखादा, चिकू तोडायला मजूर येतात रोज, आणि कुत्र्याला चोर आणि मजूर यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो. एका वाडीत असाच एक कुत्रा होता. जाळीची काठी घेऊन माणूस झाडाकडे निघाला की हा त्याच्या अंगावर. मालक त्याला मारत असे. मार खाऊन तो मालकासमोर गप्प बसे आणि मालकाची पाठ वळली की दुप्पट जोराने धावे.

बाई तिथे माझे बोंबील घेऊन गेल्या. त्याने हुंगलेसुद्धा नाहीत. दुसरा कोणी म्हणाला असता, कुत्राच नाठाळ आहे. बाई नुसत्या बसून राहिल्या आणि तो स्वतःहून काय करतो ते पाहत राहिल्या. तो एकटा असला की नारळाचं सोडण तोंडात धरून फिरे, उडवी, पुन्हा झेली. झालं. मजूर आला आणि हा जागेवर बसून राहिला, की बाई सोडण लांब फेकत. बसण्याची मजुरी म्हणून धावणं. पुढे पुढे तो मजूर दिसला की आपणच बसायला लागला आणि बाईंच्या हाताकडे बघायला लागला.

"त्याला भूक नव्हतीच," बाई मला म्हणाल्या. "त्याला धावायचं होतं. मी खाऊ देत राहिले असते तर माझीच चूक त्याच्या माथी मारली असती."

बाई आधी ह्याला बक्षीस म्हणायच्या. मी त्यांना चिडवलं होतं. म्हटलं, बक्षीस म्हणजे देणाऱ्याची मर्जी, आज दिलं, उद्या विसरला. होडीवर गेलेल्या माणसाला बक्षीस देत नाहीत, वाटा देतात. जाळं ओढलं, होडी किनाऱ्याला लागली, तिथेच वाळूवर मासळीचे वाटे पडतात आणि ज्याचा त्याच्या हातात जातो. घरी जाऊन विचार करून सांगतो, असं तिथे चालत नाही. बाई मोठ्याने हसल्या आणि तेव्हापासून वाटाच म्हणायला लागल्या. काम झाल्या क्षणी द्यायचा, नखाएवढा द्यायचा, अवघड कामाला भारी द्यायचा, आणि ज्याचा वाटा त्याच्या आवडीचा. बोर्डीच्या वाळूवर त्या वाडीवाल्यांना हे समजावतात तेव्हा मी लांब उभी राहून ऐकते. म्हणजे कुत्र्यांपासून लांब.

एक गोष्ट समितीतल्या कोणी लिहिली नसेल. बाई स्वतः मासळी खात नाहीत. जन्मात खाल्ली नाही. पण त्यांच्या झोळीत कायम बोंबील. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी असते आणि बाईंना वाटतं, लोक वयाचा मान ठेवतात. आता हे छापून आलं की कळेल त्यांना.

आता भीतीचं सांगते.

माझी लेक रंजना आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिची नेमणूक तलासरीकडच्या एका पाड्यावर झाली. जावई तारापूरच्या कारखान्यात, पाळीप्रमाणे येऊन-जाऊन. घरात रंजना, लहानगी चिमी आणि भुऱ्या नावाचा कुत्रा. मी समुद्राकाठची. समुद्र भरतो, ओहोटतो, खवळतो, पण तो कधी येणार ते आम्हाला कळतं. त्या भागात जमिनीलाच हिसके बसायला लागले. आधी आवाज येतो. कोणीतरी डंपरमधून खडी ओतल्यासारखा, पण पायाखालून. मग घर हलतं. भांडी वाजतात, कौलांतून माती गळते आणि थांबतं. लोक बाहेर पळतात, एकमेकांची तोंडं बघतात आणि हळूहळू आत जातात, कारण आत चूल असते. पुन्हा कधी येणार, मोठा येणार की एवढाच, कोणाला सांगता येत नाही. भिंतींना तडे गेले होते. लोक अंगणात ताडपत्री बांधून झोपत होते.

मी चिंचणीला आणि पोर तिकडे. गिऱ्हाइकाला मासळी मोजून देताना मध्येच हात थांबायचा आणि मी पायाखालची जमीन बघत राहायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "जमनामावशी, काय हरवलं?" मी म्हणायची, काही नाही. भीती लोकांना सांगितली की ती खरी होते, असं मला वाटायचं.

एकदा रंजनाचा फोन आला. ती म्हणाली, "आई, आवाज आला की भुऱ्या धावत घरात जातो आणि पलंगाखाली घुसतो. बाहेर येत नाही. ओढायला गेले तर मला चावला, इंजेक्शनं घेतेय. ते जाऊ दे. पण चिमी त्याला सोडून येत नाही. मी तिला बाहेर नेते, ती हात सोडवून परत आत पळते, त्याच्याजवळ पलंगाखाली. मी ड्युटीवर असताना आला तर?"

सगळं जग घराबाहेर पळत होतं आणि माझी नात घरात पळत होती. त्या तडे गेलेल्या घरात.

मी म्हटलं, कुत्रा हाकलून दे. चिमी मागून फोनमध्ये ओरडली, "तो गेला तर मी पण जाणार!" तेव्हा ती इवलीशी होती, पण बोलायला माझ्यावर गेली आहे. आत्ता हे लिहिताना नाक मुरडते आहे.

मी बाईंकडे बोर्डीला गेले. माझ्या पायाने कुत्रेवाल्या घरात गेले, ह्यावरून काय ते समजा. विश्राम दारात आला, मी फाटकाबाहेरूनच सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उद्या निघू. बोंबील घ्या." दुसऱ्या दिवशी घोलवडहून चिकू घेऊन हमरस्त्याकडे जाणाऱ्या टेम्पोत बाई पुढे, विश्राम मागे चिकूच्या खोक्यांपाशी. मी पुढेच बसले हे सांगायला नको.

पाड्यावर पोहोचल्यावर बाईंनी विश्रामला शेजारच्या अंगणात बांधलं, पण भुऱ्याला हात लावला नाही. रंजनाला म्हणाल्या, "आवाज आल्यावर तुम्ही काय करता, ते जसंच्या तसं सांगा."

"तो पलंगाखाली जातो. मग मी आईने दिलेला बोंबील आत टाकते, शांत व्हावा म्हणून. तो खात नाही. थोड्या वेळाने हलायचं थांबलं की खातो."

"रोज?"

"रोज. चिमी पण टाकते. माझ्यापेक्षा जास्तच टाकते."

बाई माझ्याकडे वळल्या. "जमनाबाई, वाटा कुठे पडतो? समुद्रात की किनाऱ्यावर?"

"किनाऱ्यावर. होडी लागल्यावर. समुद्रात कसा पडेल?"

"मग ही मंडळी भर समुद्रात का वाटतात?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आवाज, पलंग, बोंबील. आवाज, पलंग, बोंबील. जीव वाचवायला जिथून निघायचं त्याच जागी बसण्याची मजुरी आम्ही त्याला मोजत होतो. आणि मी चिंचणीहून निवडून निवडून जाड बोंबील पाठवत होते.

मग बाईंनी वाटा बाहेर काढला. घरापासून दूर, झाड नाही, भिंत नाही, वर विजेची तार नाही, अशी मोकळी जागा शेतात निवडली. त्या जागेला नाव ठेवलं 'किनारा'. "भुऱ्या, किनारा!" म्हटलं की तिथे जायचं आणि तिथेच बोंबील मिळायचा, घरात एक तुकडाही नाही. दोन-चार दिवसांत तो असा धावायला लागला की पाड्यावरची माणसं बघायला जमू लागली. मला वाटलं, सुटलो.

आणि भर दुपारी आवाज आला.

चिमी अंगणात होती. बाईंनी हाक मारली, "भुऱ्या, किनारा!" हातात बोंबील उंच धरला. भुऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत त्या नव्हत्या, बोंबील नव्हता, काहीच नव्हतं. तो सरळ घरात गेला आणि चिमी त्याच्या मागे. मी किंचाळले. रंजना आत धावली. वरून माती पडत होती. पोरीला कमरेत उचलून ती बाहेर आली तेव्हा पोरीचे केस पांढरे झाले होते, मातीने. जमीन थांबली होती आणि मी पोरीचे केस झाडत होते.

बाई शेतात तशाच उभ्या होत्या, बोंबील हातात. मी रागाने म्हणाले, "कशाला आलात? बोंबलाने कुठे भय जातं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी चुकले. भ्यालेल्याला भूक नसते. मी त्याला माझ्या आवडीचा वाटा देत होते."

दुसऱ्या कोणी आपली चूक झाकली असती. बाई सरळ घरात गेल्या आणि पलंगाखाली शिरल्या. बाहेर नुसती पावलं दिसत होती. ह्या वयाची बाई, शाळेत जिच्या शिट्टीला पोरं थरथरत, ती आमच्या लेकीच्या पलंगाखाली आडवी. मी दारातून हाका मारते आहे, "बाई, बाहेर या, पुन्हा येईल!" आणि आतून आवाज येतो, "थांबा हो. इथे अंधार आहे. पाठीवर काहीतरी आहे, कोणी मागून येणार नाही. तुमच्या लेकीच्या जुन्या साडीचा वास आहे. जमनाबाई, मलाच इथून निघावंसं वाटत नाही."

बाहेर आल्या, गुडघे झाडले आणि म्हणाल्या, "त्याचा वाटा मला सापडला. त्याला छप्पर हवंय. ते आपण किनाऱ्यावर देऊ."

त्यांनी घरातल्या पलंगाखाली पेट्या सरकवून ती जागा बुजवली. शेजारून एक बाज मागून आणली, तिच्यावर रंजनाच्या जुन्या साड्या टाकल्या, तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत. ती बाज आधी घरातच ठेवली. भुऱ्या तिच्याखाली रमल्यावर ती दाराशी आली, मग अंगणात, मग शेतात, दर वेळी थोडी थोडी. खडीचा आवाजही तसाच आणला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे, लांबून, हळू. आवाज झाला की बाजेखाली जायला मिळतं. तो कान टवकारू लागला तर बाई डबा आणखी लांब न्यायला लावायच्या. घाई केली नाही. मला घाई होती, रंजनाला घाई होती, आकाशाकडे आणि जमिनीकडे बघत आम्ही दिवस काढत होतो. बाई म्हणायच्या, "घाबरवून शिकवलेलं घाबरल्यावर आठवत नाही."

आणि त्यांनी आणखी एक केलं, ते मला तेव्हा खेळ वाटला. चिमीला जवळ बसवून विचारलं, "तुला काय आवडतं गं?" आम्ही सांगत होतो, चॉकलेट, बाहुली. चिमीने बोट दाखवलं बाईंच्या गळ्यातल्या शिट्टीकडे. बाईंनी ती बाजेच्या पायाला बांधून टाकली. म्हणाल्या, "ही तुझी. पण किनाऱ्यावरच वाजवायची. आवाज आला की तू तिथून वाजवायचीस, म्हणजे सगळ्या पाड्याला कळेल." मग काय, भुऱ्याच्या आधी हीच निघायची. तेव्हापासून दोघांची शर्यत.

ते सगळे दिवस बाई तिथेच राहिल्या, आमच्याबरोबर ताडपत्रीखाली. एकदा मी विचारलं, "तुम्हाला भय वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वाटतं तर. हातपाय गार पडतात. पण कोणीतरी हाक मारायला बाहेर उभं राहायला हवं ना."

मोठा धक्का आला तेव्हा रंजना केंद्रावर होती. बाई अंगणात, चिमी आणि भुऱ्या ओसरीवर, आणि मी आत, चुलीपाशी भाकरी थापत. आवाज आधीच्यासारखा नव्हता. खडी नव्हे, डोंगर ओतल्यासारखा. मी पाहिलं, भुऱ्या उठला आणि शेताकडे सुटला. चिमी त्याच्या मागे. बाहेरच्या बाजूला, मोकळ्याकडे. मग शिट्टी ऐकू आली. लांब, जोरात, पुन्हा पुन्हा.

ती शिट्टी ऐकली आणि माझ्या पायांतलं बळच गेलं. खरं सांगते. पोर पोहोचली. आता माझं काम काय उरलं, असं झालं. तवा हलत होता, भिंतीचा तडा उघडमीट करत होता, मला सगळं दिसत होतं आणि मला उठता येत नव्हतं. बाई दारातून ओरडत होत्या, "उठा! बाहेर या!" मला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कोणाला सांगत असल्यासारखं. भुऱ्याला तेव्हा काय झालं होतं, ते मला त्या वेळी कळलं.

मग बाईंनी आवाज बदलला. शाळेतला काढला.

"जमनाबाई, मांजर! बोंबलांवर मांजर बसलंय!"

मी उठले. कशी उठले माहीत नाही. हातात उलथनं होतं आणि तोंडात ज्या शिव्या होत्या त्या चिमी लिहायला तयार नाही. अंगणात आले, मांजर कुठे म्हणून पाहते, आणि मागे धडधड आवाज झाला. चुलीवरची कौलं खाली आली, वाशासकट. मी बसले होते त्या पाटावर.

अंगणात मांजर नव्हतं. बोंबीलही नव्हते. ते दोरीवर वाळत होते चिंचणीला.

बाई माझा दंड धरून मला शेतात घेऊन गेल्या. बाजेजवळ सगळा पाडा जमला होता. चिमी शिट्टी वाजवायची थांबेना, डोळ्यांतून पाणी आणि गाल फुगलेले. बाजेखालून भुऱ्याचं नाक बाहेर आलेलं. बाई माझ्या शेजारी मातीत बसल्या आणि मग त्यांचे हात इतके कापायला लागले की मी ते धरून ठेवले. कोण कोणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही. मग मी म्हणाले, "बाई, खोटं बोललात."

"कुत्रा बघून खोक्यावर चढलात, पण बोंबील सोडून पळाला नाहीत. तुमची आवड मला तेव्हापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

घर पुढे दुरुस्त झालं, पत्रे घातले. रंजनाची बदली चिंचणीजवळ झाली आणि चिमी, भुऱ्या माझ्या घरी आले. हो, माझ्या घरात कुत्रा आहे. तो त्याच्या कोपऱ्यात, मी माझ्या. पाड्यावरच्या त्या मोकळ्या जागेला लोक अजून किनारा म्हणतात. नव्या माणसाला समजत नाही, समुद्र कुठे आणि किनारा इथे कसा. धक्के अजून येतात. मधे महिनोन्महिने काही नसतं, मग एक दिवस बातमी येते आणि माझा हात मासळीवर थांबतो.

आता सत्काराबद्दल. समितीने शाल आणि श्रीफळ आणलं आहे असं कळलं. मी विचारते, मंडळी, बाईंची पसंती विचारलीत का? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची आवड ओळखून दिली, त्यांना डहाणूच्या उकाड्यात शाल? शाल द्या, नाही म्हणत नाही, विश्राम तिच्यावर झोपेल. पण बाईंना काय आवडतं ते मी सांगते, कारण त्या मला दर भेटीत तेच मागतात. त्यांना एवढंच हवं आहे की मी खाली उतरावं.

तेव्हा सत्काराच्या दिवशी मी येणार आहे आणि सगळ्यांसमोर विश्रामला हात लावणार आहे. डोक्यावरून नाही, ते त्याला आवडत नाही, हे मला माहीत आहे. छातीपाशी, हळू, त्याने आधी माझा हात हुंगल्यावर. त्याचं तोंड आता पांढरं झालं आहे, दातही कमी झाले असतील अशी आशा आहे. माझा हात कापेल. कोणी हसू नये. चिमी शिट्टी घेऊन शेजारी असेल.

आणि बाई, तुमच्यासाठी एक मागणं आहे. गेल्या महिन्यात तुम्हाला चक्कर आली हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, बाजारात कळलं. त्या दिवसापासून मला जमिनीपेक्षा तुमचं भय जास्त आहे. औषध वेळेवर घ्या, उन्हात पोरांना आणि कुत्र्यांना घेऊन वाळूवर फिरू नका, गुडघ्यांना तेल लावा, ठणठणीत राहा. जमीन हलायची थांबलेली नाही आणि आम्हाला बाहेरून हाक मारणारं कोणी हवं. मांजराचं खोटं आता माझ्यावर दुसऱ्यांदा चालणार नाही. मला उठवायला तुम्हाला नवीन काहीतरी शोधावं लागेल. ते शोधायला तुम्हाला पुष्कळ वर्षं लागोत, आणि तेवढी सगळी तुम्हाला मिळोत.